दोन गाठींचा टेकू

मित्रांनो, माझे मोजमाप आधीच सांगून टाकतो. लांबी तेरा फूट चार इंच, बुंध्याशी जाडी मुठीएवढी, जात मानवेल, माहेर सातपुडा. निदान १९५९ सालापर्यंत तरी हे मोजमाप खरे होते. आज मी अर्धाच उरलो आहे. तो कसा, ते शेवटी येईल. बांबू म्हणजे शिडीला, तिरडीला आणि वाळवणाला लागणारी वस्तू, असे तुम्हाला वाटत असेल. पण माझ्या जोरावर एक माणूस दहा फूट उंच उडाला होता, आणि अख्खे जळगाव तोंड वर करून बघत होते. ते आठवले की अजून माझ्या अंगातून झिणझिणी जाते.

मी जमिनीतून वर आलो १९४८ च्या पावसाळ्यात, यावलच्या उत्तरेला डोंगरातल्या एका नाल्याकाठी. बांबूची जी काही उंची व्हायची ती एकाच पावसाळ्यात होते. पुढची वर्षे तो फक्त घट्ट होत जातो. मी दहा फुटांच्या आसपास पोचलो असताना पावसाने पंधरा दिवस ओढ दिली. वाढ तिथेच अडली. म्हणून माझ्या अंगावर एक गाठ पडली, आणि दोन बोटे मावतील एवढ्याच अंतरावर लगेच दुसरी. बाकीच्या बांबूंच्या गाठी कशा हातहातभर अंतरावर, शिस्तीत. माझे हे जोडगाठीचे व्यंग लांबूनही दिसायचे.

मला तोडले गुंताबाईने. ती पावरा समाजाची, नाल्यापलीकडच्या पाड्यावरची विधवा. बांबू तोडण्याची तिची रीत पक्की होती. चांदणे वाढत असताना ती बांबूला कोयता लावत नसे. तेव्हा बांबूत गोड पाणी चढलेले असते आणि पुढे त्याला भुंगा लागतो, असे तिचे म्हणणे. अंधाऱ्या पंधरवड्यात ती बेटात शिरायची, एकेका बांबूवर हातातल्या चांदीच्या कड्याने टिचकी मारायची आणि कान लावायची. कोवळा बांबू भद्द वाजतो. तीन वर्षांचा पिकलेला खणखणतो. १९५१ च्या कार्तिक वद्यात तिने माझ्यावर कडे वाजवले, दोनदा वाजवले, आणि हसली. मग तीन आठवडे मी डोहात दगडांखाली बुडून होतो. बाहेर काढल्यावर तिने मला आगटीवर शेकून सरळ केले. अंगातला गोडवा निघून गेला होता. भुंग्याला माझ्यात खाण्यासारखे काही उरले नव्हते.

यावलच्या बाजारात मात्र मला कोणी हात लावेना. जो तो जोडगाठीवर बोट ठेवायचा आणि पुढे जायचा. शेवटी पितांबर आबांच्या केळीच्या बागेचा मुकादम झिपरू आला. त्याने वीस बांबू निवडले आणि बाजाराच्या रिवाजाप्रमाणे विसांवर एक वरचा मागितला. तो वरचा मी.

बागेत माझे काम टेकूचे. केळीला घड लागला की झाड वाकते, त्याला खालून आधार द्यावा लागतो. झिपरूने माझ्या डोक्यावर घड अडकेल अशी खोल खाच पाडली आणि मला उभे केले. चार वर्षांत मी किती घड पेलले ते मोजले नाही, पण १९५३ च्या वैशाखातल्या वावटळीत माझ्या ओळीतले सात टेकू मोडले आणि मी उभा राहिलो, एवढे नक्की. बागेचा एक नियम होता: टेकू कधी आडवा टाकायचा नाही. आडवा पडला की वाळवी चढते. काम नसले तरी तो झाडाला टेकून उभा, खाच वर. हा नियम लक्षात ठेवा. पुढे याच नियमाने माझा घात केला.

त्याच वर्षी गुंताबाई बागेत मजुरीला आली. बरोबर तिचा मुलगा जामसिंग, सतरा वर्षांचा. त्याच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट नव्हते. कापसाच्या एका जिनमध्ये काम करताना यंत्राने ती ओढून घेतली होती. शाळा त्याने आधीच सोडली होती; आता पुन्हा धरली. सकाळी बागेत पाणी भरायचे आणि अकराला यावलच्या शाळेत, आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात बसायचे.

बाग आणि शाळा यांच्या मध्ये चौदा फूट रुंदीचा नाला होता. पुलावरून जायचे तर मैलभर वळसा. जामसिंगने एके दिवशी समोर उभा असलेला टेकू उचलला. तो मी होतो. त्याने धाव घेतली, माझा बुंधा नाल्याच्या मधोमध रोवला आणि स्वतःला झोकून दिले. आणि मित्रांनो, तेव्हा एक गंमत झाली. त्याची उरलेली दोन बोटे माझ्या दोन गाठींच्या मधोमध जाऊन बसली, जणू जागा राखून ठेवली होती. साध्या बांबूवरून त्याचा हात घसरला असता. माझ्यावरून तो तसूभर हलला नाही. तो पलीकडे गेला, उभा राहिला आणि आधी स्वतःच्या हाताकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.

झिपरूने ते पाहिले. झिपरूच्या जिभेला हाड नव्हते. बागेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे तो म्हणाला, "आर्ध्या हाताचा गडी अन् दोन गाठीचा टेकू. जोडी जमली बरं."

मजूर हसले. जामसिंगही हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच घेऊन नाला ओलांडून गेला.

दोन वर्षे हे रोज चालले. यावलच्या शाळेचे कवायतीचे शिक्षक भाईदास सर एकदा सायकलवरून त्या वाटेने जात होते. त्यांनी जामसिंगला हवेत पाहिले आणि सायकल थेट नाल्याच्या काठाला लावली. सरांनी विचारले, की ही उडी लांब जाते तशी वर जाईल का. जामसिंगला प्रश्नच कळला नाही. वर कशाला जायचे, वर काय आहे? सरांनी मग बागेच्या कडेला दोन खुंट रोवले, त्यांवर आडवी काठी ठेवली आणि बांबूउडी म्हणजे काय ते दाखवले. स्वतः सर काठीखालून गेले, वरून नाही. त्यांचे वय झाले होते.

पहिल्या महिन्यात सात फूट. पावसाळ्यानंतर साडेआठ. झिपरू रोज येऊन काठीची उंची आपल्या पागोट्याशी ताडून बघायचा आणि काहीतरी बोलून जायचा. "वरून केयी तोडाले सोपं पडीन," झाडावरच्या केळ्यांकडे बोट करून तो म्हणायचा.

पण गुंताबाईला त्यात गंमत वाटत नव्हती. जंगलतोडीच्या ठेकेदाराला तिने शब्द दिला होता, की पौषात जामसिंग त्याच्या टोळीबरोबर सातपुड्यापलीकडे जाईल, तीन वर्षांसाठी. दोन पोटे होती आणि मजुरी एकीची. भाईदास सर बागेत येऊन तिच्यासमोर मातीत बसले. अकरा डिसेंबरला जळगावला पूर्व खानदेश जिल्ह्याचे शालेय सामने होते. जो पहिला येईल तो पुण्याला राज्याच्या सामन्यांना जाणार होता, आणि यावलच्या वसतिगृहाने अशा विद्यार्थ्याला मॅट्रिकपर्यंत जेवणखाण्यासह ठेवून घ्यायचे कबूल केले होते. पहिला आला तर शाळा. नाही आला तर टोळी.

गुंताबाईने तिथेच उत्तर दिले. तिचे बोलणे पावरीत होते. मी ते तुमच्या मराठीत सांगतो. ती म्हणाली, "दुसरा आला तर टोळी. मी शब्द मोडीन तो पहिल्यासाठीच."

बैलगाडीला खालून बांधून मला भुसावळला नेले आणि तिथून रेल्वेने, गार्डच्या डब्यातून, जळगावला. दहा तारखेच्या संध्याकाळी आम्ही मैदानावर पोचलो. खेळाडूंची सोय एका शाळेच्या खोल्यांत होती, पण मी काही केल्या दारातून वळेना. सर म्हणाले, भिंतीशी आडवा ठेव. जामसिंगला बागेची सवय. त्याने मला मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाला टेकवून उभे केले, खाच वर, आणि निर्धास्त झोपायला गेला.

उजाडता उजाडता मांडववाले आले. पाहुण्यांसाठी मांडव घालायचा होता, आणि एक खांब कमी पडत होता. समोर बघतात तो लिंबाला एक बांबू उभा, सरळसोट, आणि वर आडवे लाकूड अडकवायला आयती खाच. त्यांच्यातला एक म्हणाला, कोणीतरी आपल्यासाठीच तयार करून ठेवलाय. पाच मिनिटांत माझा बुंधा दीड हात खड्ड्यात गेला, खाचेत मांडवाची आडवी तुळई बसली, आणि गळ्यापासून पायापर्यंत लाल-पांढरे कापड गुंडाळले गेले. अठरा खांबांतला मी अकरावा झालो. मी ओरडलो असतो, पण बांबूला कोणीतरी वाजवल्याशिवाय आवाज निघत नाही.

सकाळभर जामसिंग आणि सर मला शोधत होते. दोनदा ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. सरांनी मांडववाल्यांना विचारले. त्यांनी शपथेवर सांगितले, की इथले सगळे बांबू आमचेच आहेत. खोटे बोलत नव्हते बिचारे, त्यांना तसेच वाटत होते.

दहा वाजता बांबूउडी पुकारली. माझ्याइतकी चांगली जागा मैदानात कोणाला नव्हती. उडीचा खड्डा माझ्या बरोबर समोर होता. गेल्या वर्षीचा विजेता लीलाधर, जळगावचाच, उमदा मुलगा. त्याने जामसिंगची अडचण ऐकली आणि आपला जादा बांबू आपणहून पुढे केला. उत्तम बांबू होता तो, गाठी रंध्याने तासलेल्या, वर वॉर्निश. आणि नेमका तोच त्याचा दोष. जामसिंगची दोन बोटे त्यावर ठरतील कुठे?

साडेआठ फूट तो कसाबसा गेला, तिसऱ्या प्रयत्नाला. काठी नऊ फुटांवर चढली. पहिला प्रयत्न: हात घसरला आणि जामसिंग काठीखालून जाऊन कोपरावर पडला. मांडवात कोणीतरी हळहळले. याच वेळी माझ्या पाठीमागून ओळखीचा खाकरा ऐकू आला. झिपरू. पितांबर आबांनी त्याला आणि गुंताबाईला सकाळच्या गाडीने पाठवले होते. दुसरा प्रयत्न: हात पुन्हा घसरला. काठी खाली.

आता एकच उरला. नाव पुकारल्यापासून पाच मिनिटांत उडी घ्यायची, असा नियम होता.

गुंताबाईने सरांना एवढेच विचारले, की बांबू कुठे ठेवला होता. लिंबाला टेकून. उभा? हो, उभा, खाच वर. ती मांडवाकडे वळली आणि खांब बघू लागली. अठराही एकसारखे, लाल-पांढरे. पंचांनी जामसिंगचे नाव पुकारले. घड्याळ सुरू झाले.

गुंताबाई चालत पहिल्या खांबाशी गेली आणि हातातले कडे त्यावर वाजवले. भद्द. दुसरा. भद्द. एक शिपाई धावत आला आणि बाई, इथे पाहुणे बसलेत, असे काहीसे म्हणू लागला. ती थांबली नाही. "माझा बांबू मला हाक देईल," ती म्हणाली. पाचवा, सहावा. पाहुणे माना वळवून बघू लागले. आठवा. नववा फुटका निघाला. दहावा कोवळा. मग तिची पावले माझ्यासमोर थांबली आणि कड्याचा चांदीचा घाव माझ्या छातीवर बसला.

मी वाजलो. मित्रांनो, मी आयुष्यात एवढ्या जिवाने कधी वाजलो नव्हतो. तिने कापड ओढले आणि आतून माझ्या दोन गाठी बाहेर आल्या.

मांडववाला ओरडत आला, की हा काढला तर छप्पर साहेबांच्या डोक्यावर येईल. खरेच होते. माझ्या खाचेवर मधली तुळई होती आणि तिच्याखाली जिल्ह्याचे मोठे साहेब बसले होते. दुसरा बांबू आणायचा तर बाजारात जावे लागणार. पंच म्हणाले, तीन मिनिटे उरली. भाईदास सरांनी साहेबांकडे पाहिले.

तेवढ्यात झिपरू पुढे आला. त्याने पागोटे सोडले, घड वाहताना करतो तशी त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. टेबलावर ठेवलेल्या खुर्चीवर चढला, दोन्ही हात वर करून तुळईला भिडवले आणि मांडववाल्याला म्हणाला, "बांबू काढा तुम्ही. टेकू मी व्हतो."

मोठ्या साहेबांनी आपली खुर्ची हातभर पुढे ओढून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी त्यांना उशीर नको."

चार हातांनी मला उपटले. सरांनी माझा चिखल आपल्या कोऱ्या उपरण्याने पुसला. दीड मिनिट उरले असताना मी जामसिंगच्या हातात पोचलो. त्याने एकदा बोटे फिरवली. दोन बोटे, दोन गाठी. पकड बसली.

धाव. अनवाणी पायांचा आवाज, चौदा पावले. माझा बुंधा बांबू रोवायच्या खोबणीत ठणकन बसला, त्याचे सारे ओझे माझ्यावर आले, आणि मी वाकलो नाही. वावटळीत नाही वाकलो, तर आता कसला वाकतोय! तो वर गेला, पाय आभाळाकडे, आणि नऊ फुटांची काठी त्याच्या पोटाखालून निघून गेली. एवढी मोकळी जागा राहिली होती, की मध्ये पागोटे मावले असते.

साडेनऊ फूट दोघेही गेले, लीलाधर आणि जामसिंग. बाकीचे गळाले. काठी दहा फुटांवर गेली. जिल्ह्याच्या सामन्यांत ती उंची आजवर कोणी ओलांडली नव्हती. लीलाधरने तिन्ही वेळा जिवापाड प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्याची टाच लागली आणि काठी क्षणभर नाचून पडली. मग जामसिंगने दोनदा पाडली. लीलाधर स्वतः उठला, खोबणीतली वाळू हाताने साफ केली आणि जामसिंगला म्हणाला, "जरा लांबून धाव. दोन पावलं जास्त घे."

त्याने सोळा पावले घेतली. वर जाताना मला आधीच कळले होते. उडी जमली की ओझे एकदम हलके होते, घड कापून नेल्यावर होते तसे. त्याने शेवटच्या क्षणी मला मागे ढकलले आणि एकटाच पलीकडे गेला. मी खाली पडता पडता वर बघितले. काठी जागच्या जागी होती.

मैदान उठले. टोप्या उडाल्या. गुंताबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. आणि मांडवात झिपरू अजून तुळई पेलून उभा होता, पंचेचाळीस मिनिटे झाली होती. टाळ्या वाजवायला त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून तो खुर्चीवर पायच आपटू लागला, आणि त्याबरोबर पाहुण्यांच्या डोक्यावरचा सगळा मांडव नाचू लागला.

पौषात ठेकेदाराची टोळी जामसिंगशिवाय गेली. गुंताबाईने शब्द मोडला आणि ते सांगायला ती स्वतः ठेकेदाराकडे चालत गेली.

पुढचे थोडक्यात सांगतो. पुण्याला पहिल्या वर्षी जामसिंग दुसरा आला. दुसऱ्या वर्षी, जानेवारी १९५७ मध्ये, मुंबई राज्याच्या शालेय सामन्यांत अकरा फूट दोन इंच उडून पहिला आला. त्याच उडीत मी उभा तडकलो, बुंध्यापासून खाचेपर्यंत. त्याला वर पोचवून मगच तडकलो, याचे मला समाधान आहे.

यावलच्या शाळेत माझी मिरवणूक निघाली. गळ्यात हार घातला, फोटो काढला आणि मला मुख्य दालनात भिंतीशी ठेवले. आडवे. हार सुकला. मग मला घेऊन कोळिष्टके काढू लागले, चिंचा पाडू लागले, आणि एका पावसाळ्यात गळक्या कोठीत टाकून विसरून गेले. वाळवी आली, पण माझ्यात गोडवा नव्हता. ती परत गेली. गुंताबाईची तीन आठवड्यांची मेहनत मला तेव्हा पुन्हा उपयोगी पडली.

१९५९ मध्ये कोठीचे दार उघडले आणि दोन बोटांचा एक हात अंधारात माझ्या गाठी चाचपू लागला. जामसिंग आता व्यायामशिक्षक झाला होता, नेमणूक साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला. त्याने मला बसच्या टपावर घालून नेले. तिथे गुंताबाईने माझा तडा बघितला, कडे वाजवले आणि मान हलवली. मी पूर्वीसारखा वाजलो नाही. तिने कोयत्याने मला उभा चिरून दोन भाग केले. एका भागावर तिच्या दारातला वालाचा वेल चढला आहे. दुसरा भाग म्हणजे तुमच्याशी बोलणारा मी.

मी आता शाळेच्या मैदानावर दोन खुंटांवर आडवा असतो. ज्या काठीवरून उडायचे, ती काठी मीच आहे. पाड्यांवरची आणि गावातली मुले माझ्यावरून उड्या मारतात. बहुतेक जण मला पाडतात. दिवसातून चाळीस वेळा मी धुळीत पडतो. त्याचे मला काही वाटत नाही. दहा फुटांची काठी जामसिंगनेही आधी दोनदा पाडली होती. आणि त्यांच्यासाठी गुंताबाईने अंधाऱ्या पंधरवड्यात सहा नवे बांबू तोडून डोहात बुडवून ठेवले आहेत.

तेव्हा मित्रांनो, माझे मागणे छोटे आहे. खेळ संपला की नव्या बांबूंना उभे करून ठेवा, पण आधी बघा, जवळपास कुठे मांडव घालत नाहीत ना. आणि मला पाडा, खुशाल पाडा. पडलो की उन्हात टाकून घरी जाऊ नका. उचला, धूळ पुसा आणि पुन्हा खुंटांवर ठेवा. ठेवताना मात्र कालच्यापेक्षा एक बोट वर ठेवा.